ह्यांचा नंबर

सुरतेत राहायचं तर उत्तरायणाच्या दिवशी आजारी पडू नये. एवढं शहाणपण मला इतक्या वर्षांत यायला हवं होतं. आपण ज्याला संक्रांत म्हणतो त्या दिवशी तिथे अख्खं गाव गच्चीवर असतं. दुकानं बंद, रिक्षा गायब, डॉक्टर स्वतः फिरकी धरून उभे. खाली रस्त्यावर असतात ती कुत्री आणि ज्यांना गच्चीवर कोणी बोलावलेलं नाही अशी माणसं.

तसं मला बोलवायचे. आमच्या बिल्डिंगमधल्या गुजराती शेजारणी दरवर्षी दार वाजवून ‘चालो ने, मासी’ म्हणायच्या आणि मी नाही म्हटलं की उंधियूची वाटी हातात देऊन वर जायच्या. बोलावत नव्हत्या त्या आमच्या मराठी मंडळातल्या बायका. हे गेल्यापासून हळदीकुंकवाचा निरोप माझ्याकडे येत नव्हता, कारण मला बोलावलं तर कुंकवाचं काय करायचं हा त्यांच्यापुढे मोठाच प्रश्न. त्याआधी वीसेक वर्षं त्या हळदीकुंकवाच्या पानसुपारीची यादी मीच करत होते. मला राग येत नाही असं मी सगळ्यांना सांगते. येतो. चांगला येतो.

तरीही त्या दिवशी मी तिळाचे लाडू केले. कोणासाठी, ते विचारू नका. लाडू वळून झाले आणि डावा हात भरून आला. मला वाटलं पाक ढवळून आला असेल. पण मी पाक उजव्या हाताने ढवळते. मग छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं आणि घाम फुटला. जानेवारीत, पंखा न लावता बसलेली असताना घाम फुटला तेव्हा मला भीती वाटली.

दार उघडून शेजारी कोणाला हाक मारावी, तर मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. वरून स्पीकरचा धडधडाट आणि पतंग कापल्याचं ‘लपेट, लपेट’ चाललेलं. दोन जिने चढून हार्ट अटॅक आला असं सांगायला जायचं म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट. मी गॅस बंद केला. गॅलरीतले कपडे आत घेतले, हे मला नंतर आठवलं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. पर्समध्ये दोन्ही फोन टाकले आणि लाडवांचा छोटा डबाही टाकला. कुठे जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही ही लहानपणापासूनची सवय. हॉस्पिटलात तिळगूळ घेऊन जाणारी त्या दिवशीची मी एकटीच असेन.

दोन फोनांचं सांगते. एक माझा. दुसरा ह्यांचा, बटणांचा, जुना. तेव्हा ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण तो नंबर मी बंद केला नव्हता. गॅसचं बुकिंग त्यावर, लाइटबिल त्यावर, बँकेचे मेसेज त्यावर. आमच्या पिढीत घरातल्या कुठल्याही कागदावर नंबर लिहायचा तर नवऱ्याचा. माझा नंबर मी कधी कुठे लिहिलाच नाही. मुलगा म्हणायचा, आई, हे सगळं अर्ध्या तासात बदलून होतं. मलाही ते माहीत होतं. मी दर महिन्याला रिचार्ज करते आणि रात्री माझ्या फोनशेजारी तोही चार्जिंगला लावते. ह्यांना कमी ऐकू यायचं म्हणून त्याची रिंग इतकी मोठी ठेवलेली, की जिन्यात ऐकू जावी.

हा मुलगा पुण्याला असतो. एकुलता एक. त्याआधीच्या वर्षी मी बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं, तेव्हा तो गाडी घेऊन आला, चार दिवस राहिला आणि जाताना दारात उभा राहून म्हणाला, “पुढच्या वेळी हॉस्पिटल झालं ना, तर मी तुझं काही ऐकणार नाही. घर विकायचं आणि तू पुण्याला यायचं.” त्याला वाद घालता येऊ नये म्हणून मी बरं म्हटलं. तो ते बरं धरून बसला होता. तेव्हा रस्त्यावर रिक्षा शोधताना माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक, छातीतलं हे दुखणं. दुसरी, हे मुलाला कळलं की माझं घर गेलं.

रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने मला आरशात पाहिलं आणि काही न विचारता हॉर्न दाबून धरला तो हॉस्पिटलच्या दारापर्यंत.

इमर्जन्सीत त्या दिवशी मान नाहीतर बोटं कापलेल्यांची गर्दी. मांज्याने. कोणी रुमाल दाबलेला, कोणी टॉवेल, एकाने तर गळ्याशी मुलीचा फ्रॉक धरलेला. गच्चीवरून पडलेले एक जाडजूड गृहस्थ स्ट्रेचरवर पडलेले आणि फिरकी अजून हातात. बायको ती सोडवून घेत होती आणि ते सोडत नव्हते. कोणीतरी जखमी कबूतर पुठ्ठ्याच्या खोक्यात घेऊन आलं होतं. वॉचमन त्यांना सांगत होता की इथे फक्त माणसं घेतो.

नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, “साथे कोण छे?”

“मी एकटी,” मी म्हटलं.

आता त्याने मान वर केली. माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नाही हे त्याला पटेना. “रिलेटिव्ह? पाछळ आवे छे?”

त्याने फॉर्म पुढे सरकवला. नाव, वय, पतीचं नाव, नातेवाइकाचा नंबर. मी बत्तीस वर्षं महापालिकेच्या मराठी शाळेत, उधन्याला, शिक्षिका होते. कारखान्यातून थेट आलेल्या आईबापांचे शेकडो फॉर्म मी भरून दिलेत. ‘पालकाचा नंबर काळजीपूर्वक लिहा, चुकला तर तुमच्याच मुलाचं नुकसान,’ हे माझं ठरलेलं वाक्य. पेन हातात घेतलं आणि हात आपोआप चालला. दहा आकडे एका दमात लिहून झाले, फॉर्म त्याने ओढून घेतला आणि मला आत नेलं. कुठला नंबर लिहिला ते माझ्या लक्षात आलं ते छातीला ईसीजीच्या चकत्या चिकटवताना.

हिरव्या पडद्याआड मला झोपवलं होतं. चाळिशीच्या आतली, ठेंगणी, चपळ सिस्टर होती. ती मला ‘बा’, म्हणजे आजी, म्हणत होती. त्रेसष्टाव्या वर्षी कोणी बा म्हटलेलं मला मुळीच आवडलं नाही, पण गोळ्या चावून खायला देणाऱ्या माणसाशी भांडू नये. एका तरुण डॉक्टरने पट्टी पाहिली. आत्ता नक्की सांगता येत नाही, रक्त तपासू, थोड्या वेळाने दुसरा ईसीजी काढू, असं तो हिंदीत म्हणाला आणि जाताजाता, “साथ में कौन है?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. नंबर चुकला, खोडा, मुलाचा लिहा. पण दुसरा ईसीजी चांगला आला तर? पित्तच असलं तर? दोन तासांत घरी जाईन, मुलाला काही कळणार नाही, संध्याकाळी त्याचा फोन आला की तिळगूळ घे म्हणेन. 

इमर्जन्सीत एकटं पडून राहिलं की एक गोष्ट कळते. ते सगळं नातेवाइकांवर चालतं. रक्ताची बाटली लॅबमध्ये पोचवतो तो नातेवाईक. खालून इंजेक्शन आणतो तो नातेवाईक. वॉर्डबॉय अडकला तर स्ट्रेचर ढकलतो तोही, आणि सलाइन संपत आलं हे पहिल्यांदा त्यालाच दिसतं. ज्याच्याबरोबर कोणी नाही तो पेशंट म्हणजे बैल न जुंपलेली गाडी. माझ्या रक्ताची बाटली माझ्याच उशाशी ट्रेमध्ये बराच वेळ पडून होती. मी तिच्याकडे बघत होते. इतका वेळ स्वतःच्या रक्ताकडे मी कधी पाहिलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मी ओळखीचा चेहरा शोधत होते. बत्तीस वर्षांत अर्धा उधना माझ्या हाताखाली पाढे शिकून गेला. बाजारात, बसमध्ये, बँकेत कोणीतरी ‘बाई’ म्हणून हाक मारतंच. पडद्याच्या फटीतून जो जाईल त्याला मी मनातल्या मनात अर्धी चड्डी घालून पाहत होते. कोणीच माझ्या वर्गातलं निघालं नाही.

तेवढ्यात काउंटरवरून सिस्टरचा आवाज आला. ती फोन लावत होती. आणि माझ्या स्ट्रेचरखाली, जाळीत ठेवलेल्या पर्समधून, ह्यांचा फोन वाजायला लागला.

ती रिंग जिन्यात ऐकू जाणारी. पण तिथे मॉनिटर टुकटुकत होते, एक बाई रडत होती, टाके घालून घेणारा कोणी ओरडत होता. कोणाचं लक्ष गेलं नाही. मी खाली वाकूही शकत नव्हते. तो वाजत राहिला आणि मी छताकडे बघत राहिले. मग तो थांबला आणि पडदा सरकला.

“बा, तमारा मिस्टर फोन नथी उपाडता.”

आणि मी म्हटलं, अगदी सरळ चेहऱ्याने म्हटलं, “गच्चीवर असतील. पतंग उडवताहेत. त्यांना कमी ऐकू येतं.”

सिस्टर हसली. “आजे तो बधा गांडा थई जाय,” म्हणाली आणि गेली. सगळेच वेडे होतात आज. ह्यांनी जन्मात पतंग उडवला नाही. ह्यांना उंचीची भीती वाटायची, कपडे वाळत घालायलाही हे कठड्यापासून दोन हात लांब उभे राहायचे. आणि मी त्यांना गच्चीवर चढवलं. एक क्षणभर ते मला दिसलेही, पांढऱ्या बनियनमध्ये, डोळ्यांवर हात धरून. मला फार बरं वाटलं आणि लगेच रडू आलं.

“बाई, काय व्हयनं तुम्हले?”

शेजारचा पडदा अर्धा उघडा होता. पस्तिशीची एक बाई माझ्याकडे पाहत होती. अंगावर भारीतली साडी, म्हणजे सणाला म्हणून नेसलेली, आणि पदरावर वाळलेलं रक्त. तिच्या नवऱ्याच्या गळ्याला जाड पट्टी होती आणि तो आढ्याकडे डोळे लावून पडला होता. ती मला बाई म्हणाली म्हणून मी आशेने विचारलं, तुझी मुलं कुठल्या शाळेत? तिची मुलं गुजराती माध्यमात होती. बाई ती कोणालाही म्हणत असणार.

ती डिंडोलीची. माणूस खात्यात लूम चालवतो, तिथे कारखान्याला खातं म्हणतात. सुट्टी असूनही तो पगाराचं काही विचारायला मोटारसायकलवर गेला होता आणि येताना पुलावर मांजा गळ्यात आला. तिने मला हे सगळं एका दमात सांगितलं. बाहेर त्यांच्या गावची पंधरा-वीस माणसं उभी होती, पण आत एकालाच सोडतात म्हणून दीर आणि ती आळीपाळीने येत होते. डॉक्टर म्हणाले होते की नस वाचली, आवाजाचं मात्र पुढे बघू.

“कोन शे तुमना संगे?” तिने विचारलं.

तिसऱ्यांदा, तिसऱ्या भाषेत, तोच प्रश्न. ही घरची भाषा तिची, खानदेशातली. वर्गात मुलं ‘शे’ म्हणाली की मी ‘आहे’ म्हणायला लावायची आणि मुलं घरी जाऊन पुन्हा शे म्हणायची. सिस्टरला जे सांगितलं ते मी हिलाही सांगितलं. मालक गच्चीवर आहेत.

तिने माझ्याकडे पाहिलं. कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं.  पदराने स्वतःच्या हातावरचं रक्त पुसलं आणि माझ्या उशाची ती रक्ताची बाटली उचलून दिराकडे दिली. “लॅबमा दी ये,” म्हणाली.

दुसरा ईसीजी चांगला आला नाही. तरुण डॉक्टर आता एक मोठे डॉक्टर घेऊन आला. मोठे डॉक्टर घाईत नव्हते आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. नळी बंद झाली आहे, अँजिओग्राफी लगेच करावी लागेल, लागली तर स्प्रिंग बसवू, थांबण्यात धोका आहे. सही तुमची चालेल, पण बाहेर कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे, आत काही निर्णय घ्यावा लागला तर विचारायचं कोणाला? “इनके हसबंड को बुलाओ,” असं सिस्टरला सांगून ते गेले.

सिस्टरने पडदा ओढला. त्याआधी दिराने जाताना माझी पर्स जाळीतून काढून माझ्या कुशीत ठेवली होती, पाय लागतात म्हणून. फोन वाजला तो माझ्या पोटाशी. त्याची थरथर मला बरगडीत जाणवली. ती बंद व्हावी म्हणून मी आत हात घालून चाचपलं आणि बटण दाबलं. लाल दाबायचं ते हिरवं दाबलं गेलं.

कानाला लावला. का लावला ते मला अजून सांगता येत नाही.

“हॅलो, भाई?” सिस्टर बोलत होती. तिचा आवाज मला पडद्यापलीकडूनही येत होता आणि फोनमधूनही, फोनमध्ये जरा उशिरा. “हॉस्पिटलमांथी बोलुं छुं. तमे जल्दी आवी जाव. बेन एकलां छे.”

मी काही बोलले नाही. तिला वाटलं असेल, माणूस हबकला.

“भाई, सांभळो छो ने? एमने बहु बीक लागे छे. बोलतां नथी, पण मारो हाथ नथी छोडतां.”

ऐकताय ना, त्यांना फार भीती वाटते आहे. बोलत नाहीत, पण माझा हात सोडत नाहीत. मी तिचा हात कधी धरला? मला कळलंसुद्धा नव्हतं. मी समजत होते की मी तिथे शिक्षिकेसारखी ताठ पडले आहे, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते आहे. आणि ही अनोळखी मुलगी माझ्या नवऱ्याला सांगत होती की तुझी बायको घाबरली आहे. तीन वर्षांत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी तर मुळीच नाही. मी फोटोसमोर उभी राहून सगळं ठीक आहे असंच सांगत आले.

“हो,” मी फोनमध्ये म्हटलं. “मला भीती वाटते.”

पडदा सरकला. सिस्टर कानाला रिसीव्हर आणि वेटोळ्याची वायर ताणून उभी होती. तिने माझ्या कानाकडचा फोन पाहिला. ती रागावली नाही. तिने रिसीव्हर खाली ठेवला, येऊन माझ्या हातातला फोन घेतला, कॉल कट केला आणि फोन माझ्या पर्समध्ये परत ठेवला. मग फॉर्म आणून माझ्यापुढे धरला. मी ह्यांच्या नंबरावर एक रेघ मारली आणि खाली मुलाचा लिहिला. 

मुलाने पहिल्या रिंगला उचलला. मी कधी दुपारी फोन करत नाही. मी सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “आई, मी निघालो.” डॉक्टरांशी तो बोलला. पण पुण्याहून यायला सहा-सात तास, आणि डॉक्टर म्हणाले तेवढा वेळ नाही. सामान घ्यायला, बाहेर बसायला, हाक मारली तर उठायला आत्ता कोण?

शेजारच्या स्ट्रेचरला तेव्हाच वर वॉर्डात हलवत होते. दीर पुढे झाला. ती बाई मागे राहिली.

“मी शे ना आठे,” ती म्हणाली. मी आहे ना इथे.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझ्या हातातल्या दोन बांगड्या, कानातलं, घड्याळ, पर्स, दोन्ही फोन, घराची किल्ली, सगळं ज्या बाईचं नावही मला माहीत नव्हतं तिच्या ओटीत गेलं. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात काय लिहायचं, असं सिस्टरने विचारलं. त्या बाईने माझ्याऐवजी उत्तर दिलं, “बहीण.” तिने सही मराठीत केली, सावकाश, एकेक अक्षर. मला आत नेताना ती दारापर्यंत स्ट्रेचरला हात लावून चालली. नंतर दार बंद झालं.

पुढचं मला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, अतिदक्षता विभागात पाच मिनिटं सोडलं तेव्हा. मी आत असताना ह्यांचा फोन पुन्हा वाजला. ड्यूटी बदलली होती आणि नव्या सिस्टरला माझी ती पुसट रेघ दिसली नाही. तिने वरचाच नंबर लावला. दाराबाहेरच्या बाकावर, त्या बाईच्या मांडीवर, तो मोठ्याने वाजला. तिने उचलला. पेशंटचे कोण बोलताय, असं विचारल्यावर तिने सांगितलं, मी बोलते, इथेच बसले आहे, बोला. मग तिला आत बोलावून सांगितलं की झालं, एक स्प्रिंग बसवली, धोका टळला. ही बातमी माझ्या घरच्या कोणाच्याही आधी, ह्यांच्या नंबरवर, तिला कळली.

रात्री मुलगा आला तेव्हा तिने त्याला एकेक वस्तू मोजून दिली. लाडवांचा डबा मी आत जाताना तिला खा म्हणून सांगितलं होतं. तो तिने धुऊन परत दिला. मुलाने नंतर उघडला तर आत साखरेच्या दोन पुड्या होत्या, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहाबरोबर मिळतात त्या. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून. मुलगा म्हणाला, हे काय आहे?  मला हुंदका आवरेना आणि मॉनिटर वाजायला लागला.

घर होळीनंतर विकलं. मी वाद घातला नाही. मुलाने सगळं नीट केलं, मला काही कमी पडू देत नाही. माझी खोली अकराव्या मजल्यावर आहे, उजेड भरपूर येतो. गॅस, बँक, सगळे नंबर त्याने अर्ध्या तासात बदलून दिले, म्हणाला होता तसं. फॉर्मवर मी आता त्याचा नंबर लिहिते आणि तो बरोबर लिहिते. ह्यांचा फोन तेवढा अजून चालू आहे. त्यावर आता काहीच येत नाही. सुरतेत गॅसवाला तरी मेसेज पाठवायचा.

यंदाच्या संक्रांतीला मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. मी लाडू वळून ठेवले होते. अकराच्या सुमाराला ह्यांचा फोन वाजला. कितीतरी महिन्यांनी. मला आधी कळेचना, की हा आवाज कसला.

ती होती. त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या तिने ह्यांच्या फोनवरून स्वतःला मिस्ड कॉल देऊन नंबर ठेवून घेतला होता. तिच्या मालकाचा आवाज घोगरा झाला आहे, पण लूम चालवतो. खात्यात तसंही कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही, असं ती म्हणाली आणि हसली. मागे स्पीकर धडधडत होता. ती गच्चीवर होती. मग तिने विचारलं, “कोन शे तुमना संगे?”

मी खोलीकडे पाहिलं. सगळे आहेत म्हणून सांगायचं जिभेवर आलं होतं. “कोणी नाही,” मी म्हटलं.

“मंग फोन चालू र्‍हाऊ द्या,” ती म्हणाली.

तिने फोन बहुतेक कठड्यावर ठेवला. मी पलंगावर बसून ऐकत राहिले. वारा, भोंगे, ‘लपेट, लपेट’, कोणाच्या तरी हातातून सुटलेला डबा. थोड्या वेळाने लांबून कोणीतरी तिला हाक मारली, खाली चल, जेवायला वाढलंय. आणि ती त्यांना म्हणाली, “थांबा जरा, बाई शेतस आठे.”